चहाचं पाणी

सिरिल ऑस्टविकची पेटी मीच केली.
फणसाच्या फळ्या, पितळी कड्या, आत पांढरं साटीन.
हळदोण्यात सगळे त्याला सिरिलबाब म्हणत.
मी एकटा मेस्त म्हणायचो,
आणि तोही मला मेस्त.

एकाहत्तर साली आला तेव्हा
खाजनाच्या बांधावर त्यानं रेल्वे स्टेशन उभं केलं,
ब्रह्मदेशातलं. रूळ लाकडाचे, वर चंदेरी रंग.
बोस्त्यांवची आई मासळीची पाटी घेऊन
दोन दिवस बाकावर बसत होती,
मडगावची गाडी कधी, विचारत.
कुणीतरी त्याला हे सांगितलं.
तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं,
बक्षीस मिळाल्यासारखं.

नव्याला जुनं करणं त्यानंच शिकवलं.
कपड्यांना कोरा चहा, दारांना बुटाचं पॉलिश,
आणि झीज फक्त हात लागतो तिथं.
"बाकी ठिकाणी आवर, मेस्त.
काळ आळशी असतो, सगळीकडे जात नाही."

चौदा पिक्चर केले म्हणे.
त्याचं नाव पडद्यावर यायचं
तेव्हा लोक चपला शोधत असायचे.

शूटिंग संपलं की तीन दिवसांत मोडतोड.
पण मोडलेलं गावानं टाकलं नाही.
रोझालिनाच्या न्हाणीला राजवाड्याची खिडकी,
शाबलो गावसाच्या गोठ्याच्या दारावर अजून
ब्रह्मी अक्षरं, तिकीटघर.
त्यात गाभण म्हैस.
तिसऱ्या खेपेनंतर तो परत गेलाच नाही,
संध्याकाळी काठी घेऊन हेच बघत हिंडायचा.

एकदा फेणीवर बोलला:
सात वर्षांचा होता, हल बंदरात.
सकाळी उठला तर समोरच्या घरांना पुढची भिंतच नाही.
पलंग, फुलाफुलांचा कागद, खुंटीवरचा कोट,
सगळं रस्त्यावरून दिसतंय.
बाप गिलाव्याचा कारागीर. म्हणाला, बघू नकोस.
"मी पुढं तेवढंच बघत आलो."

शेवटी खाटेवर पडल्यापडल्या
छपराखालच्या ओलीच्या डागाकडे बोट करायचा:
जरा जास्त झालंय, मेस्त.

रात्री पेटी उतरली. पिवळीधमक, वास ताजा.
सवयीनं मी चहाचं आधण ठेवलं,
पॉलिश पेपर घेऊन कड्यांजवळ वाकलो,
खांदेकऱ्यांचे हात कुठं लागतील ते पाहिलं.
मग लक्षात आलं,
अजून लागायचेत.

आधणात साखर टाकली
आणि पेटीशेजारी बसून
प्यायलो.