तोंडावर बोट

मेणाच्या ठोकळ्यातून तीन मायक्रॉनचा काप निघतो.
कोमट पाण्यावर सोडला की सुरकुती जाते,
मग काचेवर अलगद उचलायचा.
सतरा वर्षं हेच करतेय मी,
कुओपिओच्या इस्पितळात, तळमजल्यावर.
खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर,
बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसलेली माणसं.

आजचा काप ताइस्तो हायरिनेन यांच्या मूत्रपिंडातला.
टी पेशींना मी तपकिरी रंग दिला.
वाटलं, एखाददुसरी दिसेल.
दिसल्या शेकड्यांनी,
गाठीच्या कडेकडेने, दाटीवाटीने,
हाताची घडी, तोंडावर बोट.

हायरिनेन स्वतःच खाली आले.
नियमात बसत नाही,
पण डॉक्टर सिर्विओ म्हणाल्या, बघायचंय ना, बघू दे.
एकतीस वर्षं पूर्वेच्या सीमेवर, इलोमान्त्सीच्या रानात
पहारा केलेला माणूस.
टोपी काढून सूक्ष्मदर्शकावर वाकला
आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"झोपलेत?"
नाही.
"मग विकले गेलेत."

तसंही नाही, मी म्हटलं.
प्रत्येकाच्या छातीवर एक खिटी असते,
शरीरानेच बसवलेली,
लढाईच्या भरात घरच्यांवर हात पडू नये म्हणून.
ताप उतरला की कुणीतरी येतं, खिटी दाबतं:
पुरे आता, चल घरी.
गाठीने तो हात शिकून घेतलाय.
तोच स्पर्श, तीच माया.
शिवाय आसपासची साखर ती आधीच खाऊन टाकते,
मागे उरतं आंबट पाणी.
उपाशीपोटी, रोज तोच चेहरा समोर,
किती दिवस राग टिकेल?
आणि त्यांच्यातच काही असे,
गणवेश तोच, पण काम इतरांना आवरण्याचं.
कुंपणच...

"ते कळलं मला," ते म्हणाले.

मग खुर्ची ओढून बसले.
"चौकीवर आमची एक कुत्री होती, तुइस्कू.
एक लाकूडतोड्या यायचा, निदान तो तसं सांगायचा.
दर गुरुवारी तिला सॉसेजचा तुकडा.
पहिल्यांदा भुंकली.
दुसऱ्यांदा नुसती गुरगुरली.
मार्चमध्ये तो भरलेली घसरगाडी ओढत
तिच्या नाकासमोरून गेला,
तर हिने शेपूट हलवली."

गोळी घातलीत?

"तिला? छे.
तिचं काय चुकलं होतं?
ओळखीच्या माणसाला चावायचं नाही,
हे आम्हीच तर शिकवलेलं."

दर तीन आठवड्यांनी आता त्यांना एक बाटली चढते.
ते औषध गाठीला शिवतही नाही.
त्या हाताच्या आणि खिटीच्या मध्ये
जाऊन बसतं, एवढंच.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, अंगभर पुरळ उठलंय म्हणून.
"गळ्यातल्या ग्रंथीवरपण भुंकायला लागलेत,
चांगल्या, माझ्या ग्रंथीवर," म्हणाले, आणि हसले.
"तुइस्कूची बदली आम्ही उत्तरेला केली होती, सांगितलं का?
भेटायला गेलो तर माझ्यावरच धावून आली.
बाही फाटली.
इतकं बरं वाटलं, काय सांगू."

मेमध्ये दुसरा काप आला.
सरोवर मोकळं झालेलं,
बर्फावरची माणसं कुठेतरी निघून गेलेली.
पाण्यावर सोडला, उचलला, रंगवला.
कडेची गर्दी बरीचशी तशीच.
पण आत, गाठीच्या अगदी पोटात,
तपकिरी ठिपके.
मोजले: अकरा.
चष्मा पुसून परत मोजले.

अकरांनी काय होतं, मला माहीत नाही.
ते सांगायचं काम वरच्या मजल्यावरचं.
मी काचेवर नंबर टाकला,
आणि आपल्या तोंडावर
बोट आहे, हे मला
तेव्हा कळलं.