दार

वार्डोला जूनमध्ये सूर्य मावळत नाही.
माझा जन्म त्या उजेडातला.
आईने खिडकीवर राखाडी ब्लँकेट खिळ्यांनी ठोकलं होतं.
ती भिंतीकडे तोंड करून निजायची,
निजायची म्हणजे, डोळे उघडे.
बाबा कॉडच्या बोटीवर.

दूध वेळेवर मिळायचं मला, हे सांगायला हवं.
लंगोट कोरडा. नखं कापलेली.
आरोग्यकेंद्राच्या कार्डावर वजनाची रेघ
कशी सुबक चढत गेलीय.
हसू कधी आलं, तो रकाना कोरा.

शेजारची राग्नफ्रिड सांगते:
तू रडायचास, मग थांबून वाट बघायचास,
मग रडणंच सोडलंस.
किती गुणाचं बाळ, म्हणायचे लोक.

बोलायला लागलो तिसरं सरल्यावर.
पहिलं अख्खं वाक्य, म्हणे, "मी नाही केलं."
कप ओट्यावर कसा ठेवला जातो
त्यावरून मला दिवस कळायचा.
शाळेत बाई फळ्याकडे वळल्या
की माझं गणित चुकायचं;
त्यांचा चेहरा दिसल्याशिवाय
सात अधिक पाच किती, कसं ठरवणार?

सोल्वाय चार वर्षांनी आली.
तोवर आईचं औषधपाणी झालं होतं,
हामरफेस्टच्या डॉक्टरीणबाईंपाशी
बोलून बोलून ती जरा मोकळी झाली होती.
सोल्वाय भांडते, दार आपटते,
ऐन भांडणात खदखदून हसते.
दार हळू लावायचं असतं
हे तिला कुणी शिकवलंच नाही.
मलाही तसं कुणी शिकवलं नव्हतं.

काल आईच्या मांडीवर माझी मुलगी होती,
अकरा आठवड्यांची.
आई एकदम म्हणाली, मान वर न करता,
"तुझ्याकडे बघवायचं नाही मला.
म्हणून ऐकायचे.
भिंतीकडे तोंड करून तुझे श्वास मोजायचे.
एकदा चार हजारांपर्यंत गेले,
मग तू शिंकलास, आणि मी विसरले."

यावर काय बोलायचं असतं?
सवयीने मी तिचा चेहरा वाचायला गेलो,
तर तो माझ्यासाठी नव्हताच.
मुलीने जीभ बाहेर काढली होती,
आईनेही काढली,
एकसष्ट वर्षांची बाई, कॉफीने पिवळी पडलेली जीभ.

मी लाकडं आणायला बाहेर पडलो.
मागे वाऱ्याने दार धाडकन आपटलं.
आतून मुलीचं रडणं, मग आईचं काहीतरी पुटपुटणं.

मी तिथेच उभा राहिलो,
आणि काही म्हणालो नाही.