बी पाटी, चौथी खाच

वेनाची हे गावाचं नाव.
आई फोनवर अजून विचारते,
वेनाची कोण? सून की सासू?
मी सांगते, वॉशिंग्टन राज्यातलं सफरचंदांचं गाव आहे,
आणि आज रात्री दोन ते पाच
इथलं एक यंत्र माझ्या ताब्यात आहे.

शीतगृहाच्या भिंतीला पाठ लावून उभा सर्व्हर,
कपाटाएवढा, चौदा वर्षांचा.
कुठल्या बागेतलं कुठलं खोकं किती दिवस झोपलंय,
एवढंच त्याला ठाऊक, पण ते सगळं ठाऊक.
पाचला पहिली पाळी येईल,
त्याच्या आत त्याला दुप्पट आठवायला लागलं पाहिजे.

युसेबियो टॉर्च धरतो.
माझ्या मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर सांगाड्याला;
अंगातली वीज आधी जमिनीला द्यायची,
मगच हात आत.
चार पाट्या. प्रत्येक पाटीवर आठ पट्ट्या.
तो म्हणतो, तुझ्या भाषेत दोन्ही शब्द एकच आहेत.
नाहीत, नीट ऐक.
पाटी. पट्टी.
तो दोन्ही वेळा 'पती' म्हणतो.
पती पोर्टलंडला असतो, तो वेगळा विषय.

जुन्या बत्तीस काढून मोजून खोक्यात ठेवल्या.
त्यांच्यात काही उरलेलं नसतं,
वीज गेली की गेलं.

नवी पट्टी खालून कापलेली असते,
मधोमध, पण अगदी मधोमध नाही,
म्हणून उलटी बसतच नाही.
ज्यानं कुणी तो काप केसभर बाजूला सरकवला
त्याला माणसांची घाई माहीत असणार.
अंगठे दोन टोकांना, दाब सारखा,
आणि पांढरे कान आपणहून वर येतात.
टक्, टक्.
एकच ऐकू आला तर समजायचं, अर्धंच काम झालं.
बसवायच्या चौघी चौघी, एका मापाच्या.
पंगतच ही:
एक पान रिकामं दिसलं
की वाढपी अख्खी रांग सोडून पुढे जातो.

तीन दहा. पाट्या आत, झाकण बंद, बटण.
पडद्यावर आकडा चढू लागला,
थांबत थांबत,
आणि पाऊणवर अडला.
बी पाटी नाही म्हणाली. सबंध पाटी.
आठजणी, एकीपायी.

पाटी बाहेर. पट्ट्यांची अदलाबदल. पुन्हा आत.
पुन्हा पाऊण.
तीन पस्तीस.
युसेबियो काहीच बोलत नाही,
टॉर्च मात्र जरा हलतो,
आणि त्या हलण्यातच दिसली
झाकणाच्या आतून लावलेली पिवळी चिकटपट्टी,
शिसपेन्सिलची अक्षरं:
बी-चारला गारठा सोसत नाही. पाटी ऊबवून लाव.
डी. हॉल्वर्सन, फेब्रुवारी.
वर्ष नाही.

डोरीन, युसेबियो म्हणाला.
निवृत्त झाली, स्पोकॅनला गेली मुलाकडे.
कुणाला तरी सांगून जायचं ना!
सांगून गेलीय की, मी म्हटलं.

चंदेरी पिशवीत पाटी घालून
तो कॉम्प्रेसरच्या गरम झोतासमोर बसला.
दहा मिनिटं. मग आणखी पाच,
कारण माझा विश्वास बसेना.

चार पाच. बटण.
अर्धा. पाऊण.
पाऊणवर तो रेंगाळला,
आम्ही दोघंही दुसरीकडे बघत राहिलो.
मग पूर्ण.

पेन्सिल त्याच्याच कानावर होती.
डोरीनच्या ओळीखाली मी लिहिलं: अजूनही.
र. मगदूम, ऑक्टोबर.
मराठीत लिहिलं गेलं हे लिहून झाल्यावर कळलं.
खोडलं, इंग्रजीत लिहिलं. खोडलेलंही दिसतंय.

बाहेर पहिला ट्रक मागे येत होता, टूं टूं करत.
युसेबियोनं भिंतीपलीकडून दोन सफरचंदं आणली,
इतकी गार की दात लागेनात.
माझं मी जॅकेटच्या खिशात टाकलं,
राहू दे थोडा वेळ.