लांबून दिसला

निपाणीहून निघताना मधूभावजींनी
दवाखान्याच्या पावतीमागे लिहून दिलं होतं:
शिवोलीचं चर्च, मोरजीचा किनारा, केरीची फेरीबोट,
पलीकडे तेरेखोलचा किल्ला, सूर्यास्ताच्या आत.
खाली दोन रेघा. 'पाणी जवळ ठेवणे.'
स्वतः कधी गेले नव्हते. गुडघे आधीपासूनच,
आणि आता तर छातीचंही.

मे महिना. म्हापशातच अकरा वाजले.
वन्संनी बाजारात सुक्या सुंगटांच्या राशी
अर्धा तास न्याहाळल्या.
(जन्माच्या शाकाहारी. नुसत्या न्याहाळल्या.)
शिवोलीच्या चर्चला कुलूप, पायरीवर कुत्रं,
आणि सावली धरून बसलेली फणसवाली.
कापा की बरका, विचारलं
तर म्हणाली, "रसाळ."
गऱ्यांचा चिकट वास घेऊन पुढे निघालो.

चोपड्याचा पूल ओलांडला आणि गाडी तापली.
रोहिदासनं बॉनेट उघडलं, म्हणाला,
"मात्शें रावया."
त्या 'मात्शें'त आमची दुपार गेली.

रस्त्याखाली आगरवाड्याची मिठागरं,
थाळीत थापून वड्या पाडाव्यात तशी.
ऊन खालूनही येत होतं, वरूनही.
बांधावर म्हातारा शाबी, कमरेला पंचा,
आणि त्याच्यापासून चार हातांवर
गवती टोपीतली एक गोरी बाई,
मान भाजून लाल झालेली,
किती वेळ उभी होती कोण जाणे.

नाव सोलांज. इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं,
त्यामुळे बरं जमलं.
फ्रान्सात समुद्राकाठी तिचं गाव,
तिनं नाव तीनदा सांगितलं,
तिन्हीदा ते आमच्या नाकात अडकलं.
वडील हेच करायचे, म्हणाली. हेच. अगदी हेच.
आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ओढून दाखवलं.

शाबीनं हातातली लांब दांड्याची फळी पुढे केली.
तिनं चपला काढल्या.
पाण्याला कळूही न देता
मिठाची एक ओळ कडेला आणली, मग दुसरी.
शाबी तंबाखू मळत होता, आमच्याकडचीच असेल,
त्याचा अंगठा तळव्यावर थांबला.
काहीतरी बोलला. रोहिदासनं सांगितलं:
"म्हणतोय, मनगट आगरातलं आहे."
मग उठून तिच्याजवळ गेला
आणि तिची बोटं दांड्यावर नीट बसवली.
"अंगठा वर."
साठीच्या बाईनं मान हलवली, शाळेतल्या पोरीसारखी.

आता तिकडे कोण करतं, वन्संनी विचारलं.
करतात थोडे. उन्हाळ्यात लोक गावं बघायला येतात,
दगडी घरं, चर्च, बाजार,
आणि जाताना रिबीन बांधलेली मिठाची पुडी नेतात.
"आणि तू इकडे आलीस बघायला," वन्सं म्हणाल्या.
ती हसली, मग हसताना थांबली, मग परत हसली.
शाबीचा धाकटा मोरजीला स्कूटर भाड्यानं देतो.
तिची निळी स्कूटर त्याचीच निघाली.

पाच वाजता गाडी सुरू झाली,
केरीला पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडे
आणि रांगेत आमच्यापुढे अठ्ठावीस गाड्या.
नदीवर अंधार पडला.
उलट फिरलो. भेळ खाल्ली. वन्संची चप्पल तुटली.

घरी भावजी खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले.
पावती मागितली, पेन काढलं,
एकेका ओळीवर बरोबरची खूण करत गेले.
चर्च? हो. किनारा? हो हो.
"आणि किल्ला?"
मी पिशवीतून जाडं मीठ बरणीत ओतत होते,
किंचित राखाडी, अजून दमट.
वन्सं म्हणाल्या, "लांबून दिसला."
"कसा होता?"
"पांढरा," वन्सं म्हणाल्या. "ऊन्हात डोळा ठरत नव्हता, मधू."
त्यांनी खूण केली.
वर डॉक्टरांनी लिहिलेलं: मीठ कमी.