विसाचा म्हातारा

ईस्ट स्ट्रीटवरच्या आमच्या काउंटरला
त्याचं नाव विसाचा म्हातारा.
पिंजारलेले केस, आखडलेली भुवई,
कुणी नुकतंच तोंडावर नाही म्हटलंय असा चेहरा.
दिवसातून शंभरदा माझ्या अंगठ्याखालून जातो
आणि एकदाही माझ्याकडे बघत नाही.

रविवारी लक्ष्मी रस्त्याच्या फूटपाथवर
किलोवारी पुस्तकांत तो सापडला.
अँड्र्यू जॅक्सन. जाडजूड, शिवण उसवलेला.
खुर्शीदबाई म्हणाल्या, "आपला म्हातारा? वाच नि सांग.
एवढी वर्षं मोजते त्याला, ओळख नाही झाली."

मग रोज डबा खाताना सांगत गेलो.

तेरा वर्षांचा होता, कैदेत.
इंग्रज अधिकारी म्हणाला, बूट पूस.
हा म्हणाला, नाही.
तलवार डोक्यावर उतरली, हातावरही.
"शाबास," बाई म्हणाल्या, घास हातातच.

पुढे शर्यतीच्या पैशांवरून, बायकोवरून,
कुणाशी शब्द वाढले.
समोरच्याची गोळी छातीत घेऊन हा उभाच राहिला,
मग सावकाश नेम धरला.
ती गोळी उरलं आयुष्य
काळजाशेजारी भाड्यानं राहिली.
"आणि असल्याला निवडून दिला?"
दोनदा, बाई.
चिखलाच्या बुटांनी माणसं त्याच्या दिवाणखान्यात शिरली,
खुर्च्यांवर चढून बघत राहिली,
आपल्यातला कुणी आत बसल्यावर कसा दिसतो.
कागदी पैशावर त्याचा विश्वास नव्हता.
मोठी बँक मोडली त्यानं.
इथे बाई हसल्या,
त्याच्याच गठ्ठ्याला रबर लावता लावता.

बुधवारी मी कमी बोललो.
पळालेल्या गुलामासाठी त्यानं दिलेली जाहिरात होती त्या पानावर:
पकडणाऱ्याला पन्नास डॉलर,
वर शंभर फटक्यांमागे दहा जादा,
तीनशे फटक्यांपर्यंत.
बाईंचे ओठ हलले.
आम्ही दोघंही मोजणारी माणसं.
"ऐंशी," त्या म्हणाल्या,
आणि डबा झाकला.

गुरुवारी कायदा आला.
मूळच्या लोकांनी मोठ्या नदीपलीकडे जावं,
त्यांच्याच भल्यासाठी.
सही ह्याची. चेरोकींना चालवलं ते पुढच्यानं,
थंडीत.
चार हजार वाटेत गेले, म्हणतात. मोजणी कच्ची.
आणि त्याच्याच फौजेनं उजाड केलेल्या गावातलं
एक अनाथ पोर
ह्यानं घरी नेऊन वाढवलं.
ते पान दोनदा वाचलं.
हिशोब जुळला नाही.

माझा पणजोबा मुळशी खोऱ्यातला.
धरणाची भिंत चढत गेली तेव्हा
डोक्यावर पाटी, पाटीत टाकातले देव,
काखेत कोंबडी,
असा चालत पुण्यात आला.
तेव्हाही कागदावर भलंच लिहिलं असणार.
त्याला वाचता येत नव्हतं.
चेरोकी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.
मला तरी गुरुवारपर्यंत कुठे होतं.

आज एक मुलगी आली, ओहायोला निघालेली,
सोबत आई, दोन्ही हातांनी पर्स धरून.
"खऱ्याच आहेत ना ह्या?"
मी एक नोट दिव्यासमोर धरली.
कोऱ्या भागातून तो पुन्हा वर आला, फिकट,
मे महिन्यात पाणी उतरल्यावर
आमच्या देवळाचा चौथरा येतो तसा.
"हे जलचिन्ह," मी म्हणालो. "हे दिसलं की खरी."
"कोण आहे हा?" मुलीनं विचारलं.

रांग लांब होती.
खुर्शीदबाई चष्म्यावरून बघत होत्या.
"राष्ट्राध्यक्ष," मी म्हणालो. "जुना."

नोटेवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं,
सगळी देणी फेडायला चालेल,
सरकारी आणि खाजगी.
आईनं तीस म्हातारे मोजले,
थुंकी लावून, पुन्हा एकदा,
आणि तोंडं आतल्या बाजूला करून
पर्समध्ये ठेवले.