एकास बारा

शाळेच्या सहलीत मलाही उपळी बुरुजावर नेलं होतं.
दोघा सरांनी, हातांची खुर्ची करून.
मधे भिंतीला टेकवून एकदा दम घेतला.
वर ठेवलं ते पोरींच्या मागं, पायरीवर.
मी अख्खा नळदुर्ग पाहिला तो
त्रेपन्न पाठींच्या फटींतून,
लाल रिबिनींच्या गाठींमधून.
'बघितलंस ना?' सरांनी विचारलं.
'हो,' म्हटलं.
त्यांचा शर्ट घामानं चिंब झाला होता.

उचलणारे पुष्कळ भेटतात.
पण उचललेल्या माणसाला
जरा इथं थांबू या, म्हणता येत नाही.

औंदा मुबारक वेल्डरकडं गेले.
बोरीच्या काठाशी उतरायचंय, म्हणाले,
माझ्या चाकांनी.
त्यानं फरशीवर खडूनं तिरपी रेघ ओढली.
'एवढी?'
'एवढीवरनं थेट पाण्यात जाईन, चाचा.
एक फूट उताराला बारा फूट लांबी.'
'बारा कामून?'
मी बाही वर केली, दंड दाखवला.
त्यानं रेघ पुसली.

काठ साडेतीन फूट खाली.
बेचाळीस फूट सरळ जायला जागा कुठली,
म्हणून चिंचेखाली वळण घेतलं.
पत्रा कारखान्याच्या भंगारातला,
वर डांबरात रोवलेली वाळू,
पावसात चाक सुटू नये म्हणून.

आज रविवार.
सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही,
तिथल्या संडासाला दोन पायऱ्या आहेत.
(ते काम यादीत दुसरं.)

वळणावर थांबले.
'ढकलू का, ताई?' भेळवाल्यानं विचारलं.
'नको. थांबलेय.'
किती वर्षांनी हे वाक्य तोंडात आलं, की
पहिल्यांदाच?

समोर खडकावर पाणकावळा
दोन्ही पंख पसरून उभा,
दोरीवर टाकलेल्या ओल्या शर्टासारखा.
तो वाळेपर्यंत बघितला.
चिंचेचा पाला मांडीवर पडत राहिला,
झटकला नाही.

मग खाली.
शेवटी पत्रा आणि दगडात चार बोटं फट राहिलीय,
पुढचं चाक तिथं रुतलं.
वाकले, हात लांब केला.
पाणी वीतभर लांब.

फोन लावला.
'चाचा, वीतभर कमी पडतंय.'
'उंचीला का लांबीला?'
त्यानं विचारलं,
आणि मागचा ग्राइंडर बंद झाला.