झाडूगाडी

शर्यतीच्या शेपटाशी माझी गाडी.
ताशी नऊ किलोमीटर, कधी सात.
एकोणीस वर्षं अस्तुरियासचे घाट
मी दुसऱ्यांच्या पाठी पाहत चढतोय.

आज चौदावा टप्पा. पुढे एकटा तावी,
एस्टोनियाचा. तिकडे म्हणे डोंगरच नाहीत.
बारा दिवस कप्तानासाठी बाटल्या वाहिल्या त्याने,
जर्सीत कोंबून, पाठीला पोक काढून.
कप्तान काल ताप येऊन घरी गेला.

धुकं. गायींच्या गळ्यातल्या घंटा.
वळणावर एक म्हातारी खुर्ची मिटत होती,
त्याला बघून तिने ती पुन्हा उघडली.

मुदत संपून अकरा मिनिटं झाली.
रेडिओ खरखरतो : उचल त्याला, बेलार्मिनो.
मी काच खाली करतो.
तो वळतसुद्धा नाही.

पाठीवरचा नंबर मीच उतरवायचा असतो.
चार टोकं, चार पिना.
बिस्किटांचा डबा भरलाय माझा त्यांनी,
घाटात वाजत राहतो.

डब्यावर हात ठेवतो.
मोठे दिवे लावतो.
धुक्यावर त्याची सावली पडते,
थोराड, चार हात पुढे,
आणि हा गडी
तिच्या मागे लागतो.